सहलीआधी गावातल्या माणसाशी बोला

पावसाळा लागला की महाविद्यालयातील मुले आणि गावोगावची तरुण मंडळे अकोले तालुक्याची वाट धरतात. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, हरिश्चंद्रगड, रतनगड ही सारी आपल्याच जिल्ह्यातली ठिकाणे. गाडी ठरते, डबे ठरतात, औषधांची पेटीही भरली जाते. राहून जाते ते पायथ्याच्या गावातील जाणत्या माणसाशी आधी बोलणे. आरोग्याच्या दृष्टीने त्याचे मोल औषधपेटीहून कमी नाही.

सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावरील प्रतिविषाचे इंजेक्शन रुग्णालयातच द्यावे लागते. जखम कापणे, चोखणे किंवा दोरीने आवळणे अपायकारक. दंश झालेला हातपाय हलू न देता रुग्णाला उचलून खाली आणायचे असते. उचलणारी माणसे, जवळची वाट आणि रात्रीची गाडी या तिन्ही गोष्टी गावच देऊ शकते.

म्हणून आठवडाभर आधी पाचनई, बारी, रतनवाडी, जेथून चढणार असाल तेथील वाटाड्याशी किंवा जेवणाची सोय करणाऱ्या कुटुंबाशी फोनवर बोला. पिण्याचे पाणी कोठे मिळेल? मोबाईल कोठे लागतो? रात्री गाडी मिळेल का? प्रतिविष असलेले जवळचे रुग्णालय कोणते? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोठपर्यंत येऊ शकेल? उत्तरे कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

आपणही काही लपवू नये. एकूण किती जण आहोत, कोणाला दमा, फिट किंवा मधुमेह आहे, हे त्याला सांगा. दम्याचा पंप व रोजच्या गोळ्या ज्याच्या त्याच्याजवळ हव्यात. उतरण्याची वेळ ठरवून द्या. त्या वेळेपर्यंत मंडळी न आल्यास शोध सुरू करावा, असे आधीच ठरलेले असावे. धुक्यात वाट चुकून भिजलेल्या मुलाला थंडी बाधते. कापरे भरते, बोलणे अडखळते, झोप येऊ लागते. अशा वेळी ओले कपडे काढून कोरडे घाला, पांघरूण द्या, शुद्धीवर असल्यास गरम गोड चहा पाजा आणि मदत मागवा. येथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा, आणि तो माणूस "येऊ नका" म्हणाला तर जाऊ नका. साम्रदच्या सांदण दरीत ऊन असले तरी वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचे पाणी अचानक आत उतरू शकते. हे त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्या आणि त्याचा शब्द माना. बुडालेले गाडीभाडे पुन्हा कमावता येते.