सहाशे रुपयांची डबी

"ताई, बॅटरी मेली वाटतं. साडेसातलाच अंधार झाला बघा."

वाडीवरून फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. फोन करणारी मुलगी दहावीतली. परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. तव्यावरची पोळी करपली, पण माझं लक्षच नव्हतं. कारण ती बॅटरी मी आणलेली होती.

वाडी डोंगरावर. विजेचे खांब पायथ्याच्या गावातच थांबलेत. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी समाजमंदिरात पोरींसाठी अभ्यासिका काढायची ठरवली आणि खरेदी माझ्यावर सोपवली. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. घरचा फ्यूज उडाला तरी शेजारच्या भावोजींना हाक मारणारी! तरी हिंमत केली. ३३० वॅटचं एक मोठं पॅनेल, २०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी, ९ वॅटचे सहा डीसी बल्ब आणि २५ वॅटचे दोन पंखे घेतले. सगळं झाल्यावर दुकानदाराने एक डबी पुढे केली. "हा चार्ज कंट्रोलर. सहाशेचाही आहे, चार हजारांचाही आहे. काम एकच."

काम एकच, मग चार हजार कशाला घालवा? मी सहाशेची डबी घेतली. गटाच्या बैठकीत "तीन हजार चारशे वाचवले" असं सांगितलं, तेव्हा बायकांनी टाळ्याही वाजवल्या. चौदा महिन्यांनी अठरा हजारांची बॅटरी गेली.

फोन आल्यावर दुसऱ्याच दिवशी आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका सरांना विनंती करून वर घेऊन गेले. त्यांनी बॅटरीकडे आधी पाहिलंच नाही. पॅनेलच्या मागे वाकून तिथलं लेबल वाचलं. म्हणाले, "बाई, औषधाची बाटली वाचता ना? तसं हे वाचायचं."

त्यावर लिहिलं होतं, की हे पॅनेल भर उन्हात साधारण ३७ व्होल्टला पावणेनऊ अँपिअर करंट देतं. दोन्हींचा गुणाकार केला की ३३० वॅटच्या आसपास येतो. आता आमची सहाशेची डबी होती 'पीडब्ल्यूएम' प्रकारची. ती पॅनेल आणि बॅटरी सरळ जोडून देते. त्यामुळे पॅनेलचे ३७ व्होल्ट बॅटरीच्या तेरा व्होल्टांवर उतरतात. अँपिअर मात्र तेवढेच राहतात. तेरा गुणिले पावणेनऊ, म्हणजे जेमतेम ११५ वॅट! उरलेलं पॅनेल नुसतं ऊन खात बसलं होतं.

सरांनी पाटीवरच हिशेब मांडला. बल्ब पाच तास आणि पंखे सहा तास चालले की ५७० वॅट-अवर, म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडं जास्तच. वर सगळ्यांचे मोबाइल. आणि चांगल्या उन्हाच्या पाच तासांत आत येत होतं जास्तीत जास्त तेवढंच. त्यातलंही थोडं बॅटरीतच जिरतं. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. रोजचा खर्च मिळकतीपेक्षा जास्त असला की घराचं जे होतं तेच बॅटरीचं झालं. शिशाची बॅटरी सतत अर्धपोटी राहिली, की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. मग ती चार्ज धरेनाशी होते.

चार हजारांची डबी 'एमपीपीटी' प्रकारची होती. ती पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देते आणि जादा व्होल्टचे अँपिअर करून बॅटरीत भरते. म्हणजे काम एकच नव्हतं.

मैत्रिणींनो, याचा अर्थ स्वस्त डबी वाईट असा मुळीच नाही. ५० किंवा १०० वॅटचं ३६ सेलचं छोटं पॅनेल असेल, तर ते मुळात १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच बनवलेलं असतं. तिथे पीडब्ल्यूएम पुरतो. आमचं पॅनेल ७२ सेलचं, म्हणजे २४ व्होल्टच्या जोडणीला शोभणारं. चूक डबीची नव्हती, जोडी जमवणाऱ्या माझी होती.

तुमच्या शेतघरासाठी, वस्तीसाठी सौर बसवणार असाल, तर दुकानात आधी पॅनेलचं लेबल वाचा. त्यावर 'व्हीओसी' म्हणून आकडा असतो, तो पॅनेलचा सर्वांत जास्त व्होल्टेज. आमचा ४६ आहे. थंडीच्या पहाटे तो आणखी वाढतो. म्हणून ५० व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर सरांनी नको म्हटलं, १०० व्होल्टवाला घ्यायला लावला. मग अँपिअर बघायचे. पॅनेलचे वॅट भागिले बॅटरीचे व्होल्ट. आमचे साडेसत्तावीस आले, म्हणून ३० अँपिअरचा घेतला. तिसरं, आपल्या बॅटरीचा प्रकार त्यात निवडता येतो का ते विचारा. ट्यूब्युलर, जेल आणि लिथियम यांचं चार्जिंग वेगवेगळं असतं. आमच्या ट्यूब्युलरला साधारण १४.४ व्होल्टपर्यंत भरून पुढे पावणेचौदाच्या आसपास धरून ठेवावं लागतं, हंडा भरत आला की नळ बारीक करतो तसं.

आणि नुसत्या नावावर जाऊ नका. पीडब्ल्यूएमच्या डबीवर 'एमपीपीटी' छापून विकणारेही आहेत. भर दुपारी, बॅटरी भरलेली नसताना, मीटरने पॅनेलच्या तारांवरचा व्होल्टेज मोजायला सांगा. तो बॅटरीइतकाच, तेरा-चौदा आला तर नाव खोटं समजा. आमच्या नव्या डबीवर तो तिशीच्या वर दिसतो.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. बॅटरीजवळच्या तारेत फ्यूज हवाच. बॅटरीतून वायू सुटतो, तेव्हा डबी तिच्या डोक्यावर किंवा बंद कपाटात नको, बाजूच्या भिंतीवर हवेशीर लावा.

नव्या बॅटरीसाठी गटाला पुन्हा पैसे काढावे लागले. बैठकीत मी चूक कबूल केली. कुणी वाकडं बोललं नाही. एक आजी एवढंच म्हणाली, "या बारीला डबी आम्हाला पण दाखव. आमी पण बघू की काय लिव्हलंय." तेव्हा लक्षात आलं, पहिल्या वेळी मी टाळ्या घेतल्या, पण बायकांना काही दाखवलंच नव्हतं.

आता कंट्रोलरखाली एक वही टांगलेली असते. रोज सकाळी एकजण व्होल्टेजचा आकडा लिहिते. १२.७ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर. त्याखाली आकडा गेला, की त्या रात्री पंखे बंद, फक्त बल्ब.

ती दहावीतली मुलगी उरलेले तीन आठवडे चार्जिंगच्या टॉर्चवर अभ्यास करून पास झाली. तिचं कौतुक करताना मला अजून ओशाळल्यासारखं होतं. सध्या वही तिच्याच ताब्यात आहे.