बर्फाळ गोळ्यांची साक्ष

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो प्रकल्प येणार म्हटल्यापासून लोक विचारतात, "वकीलसाहेब, दुर्बिणीतून ग्रह बघायला कधी मिळतील?" मिळणार नाहीत! केंद्राने २०२३ साली २,६०० कोटी रुपये मंजूर केले ते गुरुत्वलहरी टिपण्यासाठी. पण विचारणाऱ्याला हसू नये. कोट्यवधी किलोमीटरवरच्या बर्फाळ गोळ्याचे अंग कसे आहे, हे इथे बसून कळते तरी कसे?

साक्षीदार नसला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर खटला सिद्ध होतो. मात्र साखळीची एकही कडी तुटता कामा नये. इथेही तसेच. सूर्यप्रकाश त्या गोळ्यावर पडून परततो, तो खूण घेऊनच. पाण्याचा बर्फ अवरक्त प्रकाशातील १.५ व २ मायक्रॉनच्या आसपासच्या लहरी गिळतो. वर्णपटात तिथे खड्डा दिसला की बर्फ पकडला गेला! नेपच्यूनपलीकडच्या क्वाओआरवर २००४ साली तो असाच सापडला. तिथे कुणीही गेलेले नव्हते.

आणि हे काम फक्त गोऱ्यांचे नव्हे. पुणे जिल्ह्यात गिरावलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली सुरू झाली. तिच्यातून २००८-०९ मध्ये चुर्युमोव-गेरासिमेन्को या धूमकेतूच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजले गेले. फ्रान्समधूनही मोजमाप झाले. प्रकाश धुळीवरून विखुरताना त्याचे कंपन एका दिशेला झुकते. किती झुकले, यावरून कण लहान की मोठे, काळे की उजळ, याचा अंदाज येतो. ती धूळ त्या बर्फाळ गाभ्यातूनच उडालेली. पुढे २०१४ साली रोझेटा यान तिथे पोहोचले. बर्फाचा म्हणवणारा हा गोळा निघाला कोळशासारखा काळा, शंभरातला जेमतेम सहा भाग प्रकाश परतवणारा. बर्फ धुळीखाली दडलेला!

याच धूमकेतूंना अपशकुन ठरवून पिढ्यान्‌पिढ्या लोकांना भिववले गेले, शांतीच्या नावाखाली दक्षिणा उकळली गेली. ज्याची धूळ मोजता येते त्याची शांती कसली करायची?

आयुका १९८८ साली स्थापन झाली ती विद्यापीठांतील अध्यापक-विद्यार्थ्यांसाठी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे आपल्याच करातील पैशावर. दुर्बिणीचा वेळ अर्ज करून मागायचा असतो. दुधाळ्याची जमीन प्रकल्पाला गेली; त्या गावच्या पोरांनी तिथे फक्त पहारेकरी म्हणून उभे राहायचे काय? हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझे सांगणे आहे, पदार्थविज्ञानाच्या रिकाम्या जागा आधी भरा आणि येत्या सत्रात मुलांना गिरावली दाखवायला न्या.