मिशीला आधी कळतं

डबा उघडा पाहू पोरांनो. कणकेचा गोळा? तो ठेवा बाजूला. कणीक रोहूला चालते, मृगळाला चालते, आणि उरलीच तर आजीला परत नेऊन द्या. आज आपण बसणार आहोत मिशावाल्या माशासाठी. शिंगाळा म्हणा, शिवडा म्हणा, मागूर म्हणा की शिंगी, सगळे एकाच गोताचे. अंगावर खवलं नाही, तोंडाला मिशा, आणि वस्ती तळाशी.

आपल्या वाशिम जिल्ह्याचं पाणी दोन वाटांनी समुद्राला जातं, ठाऊक आहे? काटेपूर्णा इथल्याच डोंगरात उगम पावते, पूर्णेला मिळते, आणि तापीतून तिचं पाणी अरबी समुद्रात जातं. अडाण आणि अरुणावती धावतात पैनगंगेकडे. ते पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत थेट बंगालच्या उपसागराला पोचतं. पण पाणी कुठेही जावो, दोन्हीकडच्या डोहांच्या तळाशी हे मिशावाले बसलेलेच.

आता असं समजा, रिसोडच्या बाजूला पैनगंगेच्या एका डोहात एक शिंगाळा राहतो. भाद्रपदातली रात्र आहे, काळ्या रानातली माती धुऊन आलेली, पाणी इतकं गढूळ की हात बुडवला तर आपलीच बोटं दिसू नयेत. शिंगाळा कपारीत पडून आहे. आणि तुम्ही काठावरून गळ फेकलात. डुबुक!

"आबा, अंधारात त्याले दिसते कसं?" धाकट्यानं विचारलं.

दिसायची गरजच काय? त्यानं ऐकलं की! माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तरंगायला. पाण्यातला आवाज त्या पिशवीवर आदळला की ती थरथरते. या मिशावाल्यांत त्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, ती हा थरथराट कानात नेऊन सोडते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1820 मध्ये ही हाडं दाखवून दिली. रोहू-कटल्यातही ती असतात. पुढे 1923 मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी गंमतच केली. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावला म्हणून 1973 मध्ये ज्यांना नोबेल मिळालं, तेच हे. त्यांच्याकडे एक आंधळा मिशावाला मासा होता, आपल्या नळीत लपून बसणारा. खाऊ द्यायच्या आधी ते शिट्टी वाजवत. थोड्याच दिवसांत नुसती शिट्टी वाजली तरी मासा नळीतून बाहेर येऊ लागला. मासे बहिरे असतात असं म्हणणाऱ्यांचं तोंड त्या माशानं बंद केलं. तेव्हा काठावर पाय आपटू नका, आणि ते मोबाईलवरचं गाणंही बंद करा.

बरं, आवाज कळला. पण जे पडलं ते दगड की घास, हे कसं ठरवायचं? इथून पुढे खरी करामत आहे.

आपली जीभ तोंडात. याची जीभ अंगभर. मिशांवर, ओठांवर, पाठीवर, शेपटीपर्यंत चवीच्या बारीक कळ्या पेरलेल्या. जिलेबीच्या पाकात पाय बुडवावा आणि गोडी गुडघ्याला कळावी, तशातली गत. अमेरिकेतल्या एका जातीच्या जेमतेम वीतभर लांबीच्या माशावर शास्त्रज्ञांनी या कळ्या मोजल्या, तर पावणेदोन लाखांवर भरल्या. तुमच्या-माझ्या जिभेवर दहा हजारांच्या आतच असतात. म्हणजे जिभेचे चोचले पुरवायचा हक्क खरा कोणाचा, सांगा!

आणि चव कसली लागते त्याला? गोड-तिखट नव्हे. मांसात, रक्तात, गांडुळाच्या अंगरसात अमिनो आम्लं असतात, प्रथिनांचे सुटे मणी. ती पाण्यात विरघळतात. हे मासे ती इतक्या सूक्ष्म प्रमाणात ओळखतात की प्रयोगशाळेतल्या उपकरणाला घाम फुटावा. 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात असं दिसलं, की नाक निकामी केलेला मासासुद्धा नुसत्या चवीच्या जोरावर लांबचा घास शोधून काढतो. डावीकडे चव दाट लागली तर डावीकडे वळायचं, उजवीकडे दाट तर उजवीकडे. एका बाजूच्या मिशा निकामी केल्या की मात्र बिचारा शाबूत बाजूकडेच गरगर फिरत राही.

"मंग पिठाले चव नसते काय?" थोरलीचा प्रश्न रास्त आहे.

असते बाई, पण त्याच्या कामाची नाही. म्हणून कणीक बाजूला ठेवायला लावली. या माशासाठी आमिष निवडताना डोळ्यांनी विचार करायचा नाही. रंगीत, चमचमीत प्लॅस्टिकचे मासे दुकानात टांगलेले असतात. स्वच्छ पाण्यात, डोळ्यानं शिकार करणाऱ्या माशाला ते ठीक. आपल्या गढूळ डोहाच्या तळाशी त्यांची किंमत शून्य. इथे पाण्यात पाझरेल ते आमिष: गांडूळ, झिंगा, कोंबडीची आतडी, काळीज. आतडी दोन दिवस उन्हात सडवून लावणारे महाभाग आहेत. मला विचाराल तर ताजं रक्ताळलेलं काळीज त्याहून सरस, आणि शेजारी बसणाराही शिव्या देत नाही.

गांडुळं एकाच गळावर दोन-तीन ओवायची, शेपट्या मोकळ्या वळवळू द्यायच्या. ओवताना अंग टोचलं जातं, तिथून रस पाझरतो. अर्ध्या तासानं तो धुऊन जातो. मग गळावर उरते नुसती चिंधी, आणि माणूस बसतो नशिबाला बोल लावत. आमिष बदला की! आणखी एक. डोहाला थोडी धार असेल तर गळ माशाच्या कपारीच्या वरच्या अंगाला पडू द्या. चवीची वाट पाणीच त्याच्या दारापर्यंत नेऊन घालतं.

जपानच्या समुद्रातला या गोताचा एक मासा तर याहून पुढचा आहे. चिखलात बीळ करून राहणारे किडे तो अंधारात हुडकतो. किडा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइडनं बिळाच्या तोंडचं पाणी किंचित आंबट होतं, आणि तेवढा फरक याच्या मिशांना कळतो. 2014 मध्ये हे सिद्ध झालं. दडून बसलेल्याचा श्वाससुद्धा चुगली करतो म्हणायचा.

तर आपला शिंगाळा आता अगदी जवळ आला. इथे त्याचं आणखी एक इंद्रिय जागं होतं, जे आपल्याकडे नाहीच. त्याच्या कातडीत बारीक खळगे असतात, आणि त्यांना वीज कळते. पाण्यातल्या प्रत्येक जिवंत प्राण्याभोवती विजेचा अगदी क्षीण वावर असतो, गांडुळाभोवतीही. 1917 मध्ये पार्कर आणि व्हॅन ह्यूसेन या दोघांनी अमेरिकेत डोळे बांधलेल्या माशांजवळ काड्या नेऊन पाहिल्या. काचेची काडी अंगाला लागेपर्यंत माशाला पत्ता नाही. धातूची काडी मात्र काही सेंटिमीटरवर असतानाच कळे. धातू पाण्यात गेला की बारीकसा प्रवाह सुटतो ना, त्यामुळे. प्रवाह अगदी क्षीण असला तर मासा जवळ येऊन चाखायला बघे; वाढला की धूम ठोके.

"बाप्पा! मंग गळ लोखंडाचा, हे कळते त्याले?"

गळाजवळ काहीतरी आहे एवढं कळत असणार. म्हणून तर भलामोठा गळ आणि त्याला टीचभर गांडूळ, असला कारभार करू नये. गळ माशाच्या तोंडाला शोभेल असा घ्यावा. नंबरांची गंमत लक्षात ठेवा: साध्या गळाचा नंबर वाढत गेला की गळ लहान होत जातो. शिंगीचं तोंड एवढंसं, तिला बारका गळ आणि एकच गांडूळ पुरे. शिवड्याचा जबडा डोळ्याच्याही मागे फाटलेला, त्याला मोठा, जाड तारेचा गळ आणि त्यावर लहान मासा. त्याच्या जबड्यात बारीक दातांच्या पट्ट्या असतात, तंगूस घासून तुटतो, म्हणून गळाजवळचा वीतभर दोरा जाड ठेवायचा. बेडूक लावणारेही आहेत. तुम्ही लावायचा नाही. शेतातले किडे खायला तो आपल्याला हवाय.

शिसं लावायचं ते भोकाचं, दोरा आतून सरकेल असं. मासा घास घेऊन निघाला की दोरा सरकतो, शिसं तळाशीच राहतं, आणि त्याला ओझं जाणवत नाही. वर ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधला की झालं काम.

गळाची कला माणसानं फार जुन्या काळी साधली. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत शिंपल्याचे गळ सापडले, सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात मत्स्यविनोद असं प्रकरणच आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणता चारा घालावा, गळ-दोरी कशी असावी, हे सगळं राजानं लिहून ठेवलंय. खवल्यांचे मासे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे, हाही हिशेब त्यात आहे. राज्यकारभारातून राजाला एवढी सवड मिळाली याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

दुकानात तुम्हाला दोन तऱ्हेचे गळ दिसतील. एक साधा, टोक सरळ वर असलेला. दुसरा गोल, टोक आत दांडीकडे वळलेलं. नवखा माणूस गोल गळ पाहून हसतो, हा रुतणार कसा म्हणून. पण त्याची हुशारी तिथेच आहे. मिशावाला मासा घास चटकन गिळतो. साधा गळ मग घशात, आतड्यात जाऊन रुततो, आणि तो मासा परत सोडला तरी जगणं कठीण. गोल गळाचं टोक आत वळलेलं, ते घशात अडकत नाही. मासा वळून चालू लागला की दोरा ताणला जातो, गळ सरकत बाहेर येतो आणि ओठाच्या कोपऱ्यात फिरून बसतो. यात तुमचं काम एकच, काहीही न करणं. साध्या गळाला झटका लागतो. गोल गळाला झटका दिलात की घास तोंडातून सुटलाच म्हणून समजा. धांडा बुडाला तरी हात आवरायचा, दोरा ताणू द्यायचा, मग सावकाश ओढायचं. आपल्या कामाला गोल गळच बरा.

आणि मासा आला की झडप घालू नका. या गोताच्या छातीच्या परांना काटे असतात, ते ताठ करून कुलूप लावल्यासारखे रोवून धरतात. काही तर तो काटा खोबणीत घासून कुरकुर आवाजही काढतात. शिंगीचा काटा विषारी. लागला तर हात सोसेल एवढ्या गरम पाण्यात बुडवायचा, उष्णतेनं ते विष मवाळ होतं. आणि मग डॉक्टर. माशाला ओल्या जाड फडक्यानं डोक्यामागे धरायचं, काट्यांच्या मागून.

मागूर आणि शिंगी बादलीत तासन्‌तास जिवंत राहतात, कारण कल्ल्यांखेरीज हवेत श्वास घ्यायची त्यांची वेगळी सोय असते. मेला समजून हात घालणारे फसतात ते इथेच.

एकबुर्जीसारख्या धरणावर बसायचं असेल तर आधी विचारून घ्या. अशा तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थांकडे असतो, आणि भोई मंडळींच्या पोटावर आपल्या हौसेनं पाय द्यायचा नाही. जगभरातल्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत शिवडाही आहे आणि देशी मागूरही. पावसाळ्यात पोट अंड्यांनी फुगलेली मादी मिळाली तर गळ काढून सोडून द्या.

फक्त एकाला सोडायचं नाही. आफ्रिकेतून आलेला मागूर, बाजारात थाई मागूर म्हणतात तो. पाळायला बंदी आहे. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं महाराष्ट्रातले त्याचे साठे नष्ट करायला सांगितलं. तो आपले मासे, त्यांची अंडी-पिल्लं सगळं फस्त करतो. देशी मागूर सहसा दीड फुटापुढे जात नाही, हा मीटरभराहून मोठा होतो. हाताएवढा लांब मागूर गळाला लागला, तर तो पाण्यात परत टाकू नका.