मोटारीतील ध्वनिगुणवत्ता: वॅटच्या आकड्यापलीकडे

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला
• स्टिरिओच्या खोक्यावर छापलेल्या वॅटचा अर्थ गणिताने तपासता येईल;
• मोटारीत आवाज का बिघडतो, याची मुख्य कारणे सांगता येतील;
• मर्यादित पैशांत कोणती सुधारणा आधी करावी, हे ठरवता येईल.

प्रस्तावना

घरच्या जुन्या मोटारीत नवा स्टिरिओ बसवायचा म्हणून तुम्ही दुकानात जाता. एका खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते, शेजारच्यावर ‘६० वॅट × ४’. दुसऱ्याची किंमत जास्त. तो घ्यावा का? बहुधा नाही. तेच पैसे दारांच्या कामावर खर्च केले, तर ऐकू येणारा फरक कितीतरी मोठा असतो. असे का, हे बारावीच्या भौतिकशास्त्राने समजते.

‘चांगला आवाज’ म्हणजे मोठा आवाज नव्हे. ध्वनिमुद्रणात जे आहे ते शक्य तितके जसेच्या तसे कानापर्यंत पोहोचणे, म्हणजे चांगला आवाज. त्याचे तीन निकष धरू: सर्व वारंवारता योग्य प्रमाणात ऐकू येणे, तरंगाचा आकार न बिघडणे, आणि गायक व वाद्ये आपापल्या जागी जाणवणे.

१. वॅटचा हिशेब

इंजिन चालू असताना मोटारीतील विद्युतदाब साधारण १४.४ व्होल्ट असतो. स्टिरिओमध्ये दाब वाढवणारे वेगळे मंडल नसेल, तर स्पीकरला याहून अधिक दाब मिळू शकत नाही. स्पीकरचा रोध सहसा ४ ओहम असतो.

शुद्ध ज्या-तरंगासाठी परिणामी दाब = १४.४ × ०.७०७ = १०.२ व्होल्ट.
शक्ती = दाबाचा वर्ग ÷ रोध = १०४ ÷ ४ = २६ वॅट.

मंडलातील घट वजा केली, की हातात सुमारे २० वॅट उरतात. मग ५० कुठून आले? आवाजाची कळ पूर्ण फिरवली, की तरंगाचे माथे कापले जातात आणि तो चौकोनी होतो. चौकोनी तरंगासाठी शक्ती = १४.४ × १४.४ ÷ ४ = सुमारे ५२ वॅट. म्हणजे खोक्यावरचा आकडा पूर्ण बिघडलेल्या आवाजाचा आहे! हाच बिघडलेला तरंग उच्च स्वरांचे छोटे स्पीकर, म्हणजे ट्वीटर, जाळू शकतो. म्हणून खरेदी करताना ‘आरएमएस’ शक्ती विचारा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शक्ती दुप्पट केली तर पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. उलट, ८८ ऐवजी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडला, तर अॅम्प्लिफायर न बदलता दुप्पट शक्तीइतका लाभ होतो.

२. दार म्हणजेच स्पीकरची पेटी

स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन्ही बाजू एकमेकींना मिळाल्या, तर खर्जाचे स्वर एकमेकांना खोडून टाकतात. घरच्या स्पीकरला यासाठी बंद पेटी असते. मोटारीत ते काम दाराला करावे लागते. पण दाराच्या आतील पत्र्याला मोठी छिद्रे असतात आणि पत्रा स्वतःही थरथरतो.

म्हणून ही छिद्रे झाकणे, पत्र्यावर डॅम्पिंग शीट चिकटवणे आणि स्पीकर घट्ट कड्यावर बसवणे, ही कामे आधी करा. मात्र दाराच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी असलेली छिद्रे कधीही बुजवू नका, पत्रा गंजेल.

३. दोन स्पीकर, दोन अंतरे

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. समजा, उजव्या दारातील स्पीकर त्याच्या कानापासून ९० सेंमी आणि डावा १४० सेंमी अंतरावर आहे. फरक ०.५ मीटर. ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद धरला, तर डाव्याचा आवाज सुमारे १.५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. आधी पोहोचलेला आवाज जिथून येतो, तिकडेच मेंदू ध्वनीचे स्थान मानतो. त्यामुळे गायक समोर न वाटता उजव्या दारात बसल्यासारखा वाटतो.

शिवाय ०.५ मीटर ही ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी आहे, त्या ३४३ हर्ट्झच्या आसपास दोन्ही तरंग विरुद्ध कलेत भेटतात आणि तो स्वर क्षीण होतो. ही वारंवारता मानवी गायनाच्या पट्ट्यातच येते.

यावर उपाय म्हणजे जवळच्या स्पीकरचा संकेत १.५ मिलिसेकंद उशिरा सोडणे. ही ‘टाइम अलाइनमेंट’ सोय अनेक स्टिरिओत असते. पण ती एकाच आसनासाठी नेमकी जुळते. शेजारी बसलेल्याला आवाज आणखी एका बाजूला सरकलेला जाणवतो.

४. केबिन आणि रस्त्याचा आवाज

काच उच्च स्वर परावर्तित करते, तर आसनांचे कापड ते शोषते. म्हणून एकच स्पीकर दोन मोटारींत वेगळा वाजतो. खर्जाचे वागणे निराळे असते. केबिनची लांबी २.५ मीटर धरली, तर सुमारे ६९ हर्ट्झला तिच्यात अर्धी तरंगलांबी मावते. त्याखालचे स्वर बंद केबिनमध्ये आपोआप वाढतात. त्यामुळे मोटारीत छोटा सबवूफरही पुरतो आणि ‘बास’ची कळ फार वाढवली तर सगळा आवाज घुमू लागतो.

चाकांचा आणि इंजिनचा आवाजही मुख्यतः खर्जातच असतो. तो संगीताला झाकतो म्हणून आपण आवाज वाढवत जातो. इथे सावध व्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९२ डेसिबलला उरतात फक्त अडीच तास. आणि मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल इतपतच आवाज असणे, हा नियम वेगळा सांगायला नको.

५. तारा आणि शिट्टी

इंजिनचा वेग वाढताच स्पीकरमधील बारीक शिट्टीही चढत गेली, तर ती अल्टरनेटरची आहे. बॅटरीची तार आणि संकेताची तार मोटारीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या. अर्थची तार रंग खरवडलेल्या पत्र्याला घट्ट जोडा. अॅम्प्लिफायरच्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवा. तो आवाजासाठी नव्हे, आग टाळण्यासाठी.

सारांश

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी दारे, मग पुढचे दोन चांगले स्पीकर, नंतर टाइम अलाइनमेंट व इक्वलायझरची जुळणी आणि गरज वाटल्यास शेवटी अॅम्प्लिफायर व सबवूफर. ध्वनियंत्रणेतील सर्वांत मोठा घटक खोक्यात मिळत नाही; तुम्ही त्याच्या आत बसलेले असता.

स्वाध्याय

१. दोन स्पीकरच्या अंतरांतील फरक ३४ सेंमी असल्यास किती मिलिसेकंद विलंब द्यावा लागेल? कोणता स्वर क्षीण होईल?
२. २ ओहमच्या स्पीकरसाठी कलम १ मधील हिशेब पुन्हा करा.
३. मोकळ्या स्पीकरला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर जोडा. धन टोक धनाला जोडल्यास शंकू बाहेर येतो. एकाच स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर खर्ज का हरवेल, ते कलम ३ च्या आधारे स्पष्ट करा.