चाकांचे विज्ञान – ६ : वळणाआधीचे उलटे वळण

गेल्या लेखात टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण पाहिले. त्याच्याच जोरावर मोटारसायकल वळते. वळवणारे बल मिळते टायरच्या तळाशी. गाडी आणि स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मात्र जमिनीपासून बराच वर असतो. म्हणून गाडी ताठ ठेवून वळवली, तर ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला उलथू पाहते. आत कलली की गुरुत्वाकर्षण तिला आत पाडू पाहते आणि दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात. वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्व त्वरण यांच्या गुणाकाराने भागले की कलाच्या कोनाचा टॅन्जन्ट मिळतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाला सुमारे १४ अंश कल पुरतो, ६० ला जवळजवळ ३० अंश लागतात, ८० ला ४५. या गणितात वजन कुठेच येत नाही. हलकी गाडी असो की भारी, कल जवळपास तेवढाच. फक्त रुंद टायरची गाडी थोडी जास्त कलते, कारण टायर टेकण्याची जागा आतल्या बाजूला सरकते.

खरा प्रश्न पुढचा आहे: ताठ धावणारी गाडी कलते कशी? बहुतेक स्वार सांगतील, अंग झुकवल्याने. माझे म्हणणे असे की गाडी कलते ती हँडल क्षणभर उलट्या दिशेला वळवल्याने. तळहातावर उभी तोललेली काठी डावीकडे न्यायची, तर हात आधी किंचित उजवीकडे सरकवावा लागतो. गाडीचेही तसेच. डावी मूठ पुढे ढकलली की पुढचे चाक जरासे उजवीकडे वळते, दोन्ही टायर भाराखालून उजवीकडे सरकतात आणि वरचा भार डावीकडे झुकतो. मग पुढचे चाक स्वतःहून डावीकडे वळते आणि वळण सुरू होते. विमानाआधी सायकलींचा धंदा करणाऱ्या विल्बर राइट यांनी हे हेरले होते. डावीकडे वळताना तुम्ही काय करता, असे त्यांनी अनेक सायकलस्वारांना विचारले. हँडल आधी उजवीकडे जाते, हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. सगळे ते करत होते, पण नकळत.

यावर पहिला आक्षेप येतो हात सोडून सायकल चालवणाऱ्यांचा. तो खोटा नाही. पण तिथेही धड डावीकडे गेले की सायकलची चौकट उजवीकडे कलते आणि हँडल आपोआप उजवीकडे वळते. उलटे वळण चुकत नाहीच. शिवाय सायकल स्वारापेक्षा कितीतरी हलकी असते, मोटारसायकल त्याच्या दुप्पट किंवा त्याहून भारी. अमेरिकन प्रशिक्षक कीथ कोड यांनी एका मोटारसायकलला चौकटीवर घट्ट बसवलेले, न वळणारे दुसरे हँडल लावले. ते धरून नुसते अंग झुकवले, तर गाडी हळूहळू एका बाजूला सरकते. झटपट आणि नेमकी वळत नाही. शर्यतीतले स्वार आतल्या बाजूला लोंबकळतात, त्याचे कारण वेगळे आहे. त्यामुळे गुरुत्वमध्य आत जातो आणि त्याच वेगाला गाडीला स्वतःला कमी कलावे लागते.

दुसरा आक्षेप फिरत्या चाकांच्या जायरोस्कोप परिणामाचा. तो परिणाम खरा आहे, कलायला मदतही करतो. पण तोल काही त्याच्यावरच अवलंबून नाही. डेव्हिड जोन्स यांनी सायकलला उलट फिरणारे जादा चाक जोडून तो जवळपास रद्द केला, तरी ती चालवता आली. त्यांचा लेख १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. मोटारसायकलची चाके जड आणि वेगवान असतात, म्हणून तिथे या परिणामाचा वाटा मोठा, हे मान्य. तरीही हँडल वळल्याशिवाय तोही कामाला येत नाही. चालण्याच्या गतीला मात्र हे उलटे वळण इतके सूक्ष्म असते की जाणवतही नाही.

हे ज्ञान जिवाशी निगडित आहे. वळणावर वेग जास्त झालाय असे वाटले, की घाबरलेला स्वार हँडल वळणाच्या दिशेला ओढतो. त्याने गाडी आणखी कलण्याऐवजी ताठ होऊ लागते आणि बाहेर फेकली जाते. आपण डावीकडून गाडी चालवतो. घाटातल्या डाव्या वळणावर ‘बाहेर’ म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाची बाजू. गाडी शिकवताना क्लच आणि गिअर जितके समजावून सांगतात, तितकेच हेही सांगायला हवे. ते होईपर्यंत वाचकांनी स्वतः शिकावे: हेल्मेट घालून, मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर, ताशी ३०-४० च्या वेगाला डावी मूठ अगदी हलकेच पुढे ढकलावी आणि गाडी कोणत्या बाजूला कलते ते पाहावे.