सर थॉमस ग्रेशॅम यांचा कुलशोध : साधने आणि साधनचिकित्सा

प्रस्तावना

लंडनचे व्यापारी सर थॉमस ग्रेशॅम (सु. १५१९–१५७९) हे नाव 'ग्रेशॅमचा नियम' या संज्ञेमुळे आपल्याकडील अर्थशास्त्राच्या अध्यापकांस सुपरिचित आहे. सोळाव्या शतकात व्यापाऱ्याची पत व भांडवल बहुतांशी नातेसंबंधांतून उभे राहत असे. त्यामुळे अशा व्यापाऱ्याचा कुलशोध हा आर्थिक इतिहासाचाच एक भाग ठरतो. हा शोध कोणत्या साधनांनी घ्यावा आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदवह्या आणि व्यापारी संघ

इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश थॉमस क्रॉमवेल यांनी १५३८ मध्ये काढला. ग्रेशॅम यांचा जन्म त्यापूर्वीचा असल्याने त्यांची जन्मनोंद चर्चच्या वहीत मिळणे शक्य नाही. येथे व्यापारी संघाचे दप्तर उपयोगी पडते. संघाचे सदस्यत्व पित्याच्या हक्काने, उमेदवारी करून किंवा शुल्क भरून मिळत असे. वडील सर रिचर्ड हे मर्सर्स कंपनीचे सदस्य असल्याने थॉमस यांना उमेदवारीची आवश्यकता नव्हती. तरीही त्यांनी काका सर जॉन यांच्याकडे आठ वर्षे उमेदवारी केली आणि १५४३ मध्ये ते सदस्य झाले. एकाच नोंदीतून नाते आणि व्यवसायशिक्षण या दोहोंचा उलगडा होतो, तो असा.

दंतकथा आणि पुरावा

ग्रेशॅम घराण्याचे चिन्ह नाकतोडा होते. घराण्याचा मूळ पुरुष गवतात टाकलेले अर्भक होता व नाकतोड्याच्या आवाजामुळे तो सापडला, अशी आख्यायिका आहे. वस्तुतः हे चिन्ह म्हणजे आडनावावरील शाब्दिक कोटी होय. पंधराव्या शतकातील जेम्स ग्रेशॅम यांची पत्रे पास्टन घराण्याच्या पत्रसंग्रहात असून त्यांच्या मुद्रेवर नाकतोडा आढळतो. नॉरफोकमधील हे घराणे त्या काळीही लिहिते-वाचते व प्रतिष्ठित होते, हे यावरून स्पष्ट होते.

वंशावळीतील मौन

१५३० पासून राजचिन्हाधिकारी प्रांतोप्रांती फिरून वंशावळी नोंदवीत. परंतु माहिती देणारे स्वतः कुटुंबीयच असल्याने अडचणीची नावे गाळली जाणे स्वाभाविक होते. थॉमस व अ‍ॅन फर्नली यांचा एकुलता पुत्र रिचर्ड १५६४ मध्ये निधन पावला. केवळ पुरुषपरंपरा पाहिली तर वंश येथेच संपतो. प्रत्यक्षात थॉमस यांना अ‍ॅन नावाची विवाहबाह्य कन्या होती आणि तिचा विवाह नॅथॅनिएल बेकन यांच्याशी झाला. नॅथॅनिएल हे पत्नी अ‍ॅन फर्नली यांच्या बहिणीचे पुत्र. म्हणजेच दोन्ही घराण्यांचे संबंध स्त्रियांच्या द्वारेच दृढ झाले. १५७५ च्या मृत्युपत्रानुसार रॉयल एक्सचेंज प्रथम पत्नीकडे व तिच्या पश्चात लंडन शहर आणि मर्सर्स कंपनीकडे गेले; त्यातूनच १५९७ मध्ये ग्रेशॅम कॉलेजची व्याख्याने सुरू झाली.

समारोप

सारांश, एकाच साधनावर विसंबून केलेला कुलशोध अपुरा राहतो. वंशावळ कुटुंबाची इच्छा सांगते. मृत्युपत्र व हिशेबवही त्याचे व्यवहार सांगतात. कुलवृत्तान्तांवर काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही हा भेद प्रथम समजावून देणे अगत्याचे आहे. जी नावे वंशवृक्षात नाहीत, त्यांचा शोध घेतल्यावाचून घराण्याचा इतिहास पूर्ण होत नाही.