मचाण बांधायचं, पण कुठे?

वैशाखात सातपुड्याचे नाले आटतात, जनावरं उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर येऊ लागतात आणि वन विभाग ती मोजायला माणसांना मचाणावर चढवतो. बुद्धपौर्णिमेची ही गणना १९६९ साली जाहीर झालेल्या यावल अभयारण्यातही होते. मचाण म्हणजे चार खांब, वर फळ्या, बाजूला शिडी, एवढंच आपल्याला दिसतं. पण ते चांगलं बांधायचं तर सुताराला चंद्र, वारा आणि हरणाचे डोळेसुद्धा ठाऊक हवेत.

चंद्रापासून सुरुवात करू. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो. मेअखेरीस तर जळगावात ‘शून्य सावली’चा दिवस येतो आणि भर दुपारी मनोऱ्याची सावली त्याच्या पायातच पडते. त्याच दिवसांतला पौर्णिमेचा चंद्र मात्र उलट वागतो. तो दक्षिणेकडून, बराच खालून जातो आणि माथ्यावर येतच नाही. म्हणून मचाण पाणवठ्याच्या दक्षिणेला असलं, तर मध्यरात्री चंद्र आपल्या पाठीशी राहतो आणि उजेड नेमका जनावराच्या अंगावर पडतो. उत्तरेला बांधलंत, तर अस्वल आलं काय नि रानडुक्कर आलं काय, दिसणार नुसती काळी आकृती! दक्षिणेला बांधताना मात्र मचाणाच्या उंचीपेक्षा थोडं जास्तच अंतर सोडायचं, नाहीतर आपलीच सावली पाण्यावर पडते.

दुसरा मालक वारा. दिवसा तापलेली हवा डोंगर चढते, रात्री गार झालेली हवा उताराने दरीत वाहत येते. जनावरं वरच्या अंगाने येत असतील तर रात्रीचं मचाण खालच्या अंगाला हवं. मग आपला वास त्यांच्यापर्यंत पोचत नाही. चंद्र एक दिशा सांगतो आणि वारा दुसरी, असंही होतं. तिथे मी वाऱ्याचं ऐकेन. अंधुक का होईना, आलेलं जनावर दिसतं. वासाने पळालेलं दिसणारच नाही.

आता लाकूड. खानदेशाला अंजनाचं वरदान आहे. देठाला दोनच पानं जोडीने धरणारं हे झाड कोरड्या, खडकाळ उतारावर उभं राहतं आणि त्याचा गाभा इतका जड असतो की पाण्यात टाकला तर बुडतो. करवतीचे दात मात्र तो लवकर बोथट करतो. साग कापायला सोपा आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण ही ख्याती फक्त गाभ्याची. सालीखालचा फिकट भाग वाळवी आवडीने खाते, म्हणून ‘सागच आहे’ म्हणून कोवळा खांब थेट मातीत पुरू नये. तो काँक्रीटच्या चौथऱ्यावर, लोखंडी बुटात बसवावा. बुडाशी पाणी साचलं नाही की आयुष्य वाढतं.

जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला की लाकूड आक्रसतं. गंमत म्हणजे ते लांबीत जवळजवळ कमी होत नाही, कमी होते ती जाडी. त्यामुळे हिवाळ्यात घट्ट आवळलेले नट-बोल्ट उन्हाळ्यात सैल होतात आणि मचाण कुरकुरू लागतं. त्या कुरकुरीने चितळ सावध झालंच म्हणून समजा! पहिल्या उन्हाळ्यात पाना घेऊन एक फेरी मारायलाच हवी. तरी एवढ्या उन्हात लोखंडी मनोऱ्याला हात लावून पाहा, मग लाकडाची किंमत कळेल.

खांबांमधली तिरकी कैची शोभेची नसते. सडपातळ खांबाची आधाराविना लांबी दुप्पट केली, तर वाकण्याआधी तो पेलेल ते वजन चौथाईवर येतं. वाऱ्याचंही गणित तसंच: वेग दुप्पट, तर रेटा चौपट. वळवाच्या वादळात मचाणाला धरून ठेवते ती ही कैचीच.

उंचीचा विक्रमच हवा असेल तर ऑस्ट्रियात पिरामिडेनकोगेल डोंगरावर लाकूड आणि पोलादाचा १०० मीटर उंच निरीक्षण मनोरा २०१३ पासून उभा आहे. पोलंडमधल्या ग्लिवित्सेचा लाकडी रेडिओ मनोरा तर १९३५ चा. शंभर मीटरहून उंच, आणि जोडणीला पितळी बोल्ट. केनियातलं ‘ट्रीटॉप्स’ हे झाडावरचं हॉटेल उंचीमुळे नव्हे, एका रात्रीमुळे गाजलं. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तिथे मुक्कामाला होत्या, त्याच रात्री इंग्लंडच्या राजांचं निधन झालं आणि झाडावर असतानाच त्या राणी झाल्या. त्या रात्री तिथे जिम कॉर्बेटही होते.

आपल्याकडे मचाण आधी शेताचं. ज्वारी-बाजरीच्या राखणीचा माळा आणि हातात गोफण. शिकाऱ्यांनी ते नंतर उचललं. १८२५ मध्ये खानदेशात आलेला, भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. आज चाळीसगावजवळच्या घाटाला आणि १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याला त्याचंच नाव आहे. वाघ मारणाऱ्याच्या नावाचं जंगल आता जनावरं राखतं, ही मला या भागातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

आणि रानपिंगळा! १८७२ मध्ये शोध लागलेलं हे घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसलंच नव्हतं. मध्ये कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ चा एक नमुना गुजरातचा म्हणून पुढे केला होता. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा तो चोरीचा निघाला, मूळचा डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात गोळा केलेला. मग शोध जुन्या, खऱ्या जागांकडे वळला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट यांना शहाद्याजवळ दिवसाउजेडी, निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. पुढे यावलमध्येही तो सापडला. हा पक्षी दिवसा वावरतो आणि ढोलीत घर करतो. तेव्हा मचाणासाठी ढोलीचं जुनं झाड तोडणं म्हणजे ज्याला पाहायचं त्याचंच घर पाडणं.

सगळीकडे मनोराच हवा असंही नाही. मुक्ताईनगरकडचे वाघ केळीच्या बागांत वावरतात. तिथे उंचावरून दिसतं फक्त पानांचं छप्पर. काम करतो तो जमिनीलगतचा कॅमेरा. हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळी बदकं पाहायची तर आभाळाच्या पार्श्वभूमीवर हलणारं डोकं त्यांना लगेच दिसतं. काठावरचा ठेंगणा, गवताने झाकलेला आडोसा तिथे मनोऱ्यापेक्षा सरस.

पुढच्या बुद्धपौर्णिमेच्या गणनेसाठी वन विभागाचं आवाहन आलं की नाव नोंदवा. निळा शर्ट घरी ठेवा, कारण हरणांना निळा रंग छान दिसतो. खाकी किंवा मातकट घाला. अत्तर लावू नका, डबा कोरडा न्या, मोबाइल बंद ठेवा. आणि वर चढण्याआधी चिमूटभर माती उडवून वारा कुठे वाहतोय ते बघा.